अंदाज: गट अ ते ड

प्रभुगावकर सरांनी दोनच प्रश्न मंजूर केले:
बरणीत बिया किती,
आणि डोळे मिटा, एक मिनिट झालंसं वाटलं की हात वर करा.
नववीतल्या आम्ही दोघी, मी आणि दिपश्री पागी,
लोलयेभर हिंडलो
कॅरियरला लोणच्याची बरणी बांधून.

काजूबिया कुष्टा वेळीपांच्या, गेल्या उन्हाळ्यातल्या,
परत करायच्या बोलीवर.
मोजून भरल्या. चारशे बारा.

गट अ, पाचवीची मुलं.
साईल म्हणाला, एक लाख.
लिहू? म्हटलं.
लिही, म्हणाला, पेनने.
बाकीच्यांनी काचेला नाक लावून पन्नास, हजार, दोनशे,
आणि एकीने विचारलं, किडक्या धरायच्या का.

गट ब, दहावी.
तळाचा थर मोजला, थरांनी गुणला,
सहाशे अठ्ठेचाळीस.
अकरा जणांचं उत्तर तेच,
हातचा चुकलेला तोही तिथेच.

गट क, आईबाप.
त्यांनी आधी विचारलं, याला मार्क किती.
मग किलोचा भाव.
माझ्या आईचं मिनिट सतराव्या सेकंदाला संपलं,
चुलीवर पेज होती.

गट ड, साठीच्या पुढचे.
कुष्टाबाबांनी बरणी उचलली, खाली ठेवली.
अडीच किलोला थोडं कमी, बरणी सोडून.
आकडा सांगा ना बाब.
आंकडो पसरकाराक विचार.
आमच्या तक्त्यात वजनाला रकानाच नव्हता.
जाता जाता दुकानात काट्यावर घातल्या,
दोन किलो चारशे दहा.

आवेलिनाबाय बालकांवात बसली होती.
डोळे मिटले तिने. दिपश्रीने घड्याळ दाबलं.
साठ गेले.
नव्वद.
मडगावची बस आली, थांबली,
कोणीतरी उतरून पिशवी विसरलं, हाका मारल्या, बस निघाली.
आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.
तीन मिनिटं अकरा सेकंदांनी
हात वर आला, सावकाश,
जालें?
झोप लागली होती का, हे विचारलं नाही.
आत भिंतीवर जहाज कंपनीचं कॅलेंडर होतं,
सहा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टवर.

घरी आलेख काढला.
सगळे ठिपके शंभरच्या आत चेंगरलेले,
तिचा मावेना.
दिपश्रीने दुसरा कागद डिंकाने जोडला.
मधे नुसत्या चौकटी,
आणि पार उजवीकडे ती.

सर म्हणाले, सरासरी नको.
साईलच्या लाखाने बरणीत दोन हजारांवर बिया झाल्यात.
मध्यक घ्या, मध्यक शहाणा, त्याला टोकं दिसत नाहीत.
घेतला. खरंच, त्याला लाख दिसला नाही.
आवेलिनाबायही दिसली नाही.

निष्कर्ष सरांनीच सांगितला:
वयाबरोबर अंदाज सुधारतो, काही अपवाद वगळता.
दिपश्रीने वगळता खोडून धरून केलं.
सरांनी धरून खोडून वगळता केलं, लाल शाईत.
जोडलेला कागद मात्र फाडला नाही,
घडी घालून वहीत आहे,
परीक्षक उघडतील, न उघडतील.

बिया परत करायच्या आदल्या रात्री मोजल्या,
चारशे नऊ.
पुन्हा मोजल्या,
चारशे नऊ.
सकाळी धाकटा वेदू बरोबर यायला तयार नव्हता,
आईने पाठवला.

कुष्टाबाबांनी पिशवी हातात तोलली,
एकदा वर, एकदा खाली.
दोन-तीन कमी असतील, म्हणाले,
पिशवीकडे नाही,
वेदूच्या
काजूच्या चिकाने उतलेल्या ओठांकडे बघत.